इंटरनेटच्या पेटीची किल्ली कोणाकडे?

बाजारात नवा गाळा ताब्यात घेतला की आपण पहिले काम करतो ते कुलूप बदलण्याचे. जुना मालक कितीही शरीफ असो, त्याच्या किल्लीच्या नकला कोणाकोणाकडे आहेत हे आपल्याला ठाऊक नसते. एवढा व्यवहार प्रत्येक व्यापाऱ्याला कळतो. परंतु त्याच गाळ्यात मीटरच्या वर खिळ्याला अडकविलेली, हिरवे दिवे लुकलुकणारी जी लहानशी पेटी इंटरनेट आणते, तिचे कुलूप मात्र कारखान्यातून आले तसेच वर्षानुवर्षे राहते. या पेटीला कोणी मोडेम म्हणतो, कोणी राउटर, कोणी नुसता 'वायफायचा डबा'. आम्ही येथे राउटर हाच शब्द वापरणार आहोत.

आज यंत्रमागवाला असो, जरीवाला असो की शिलाईचा कारखाना चालविणारा असो, त्याचे जीएसटीचे रिटर्न, ई-वे बिल, बँकेचे व्यवहार, पार्टीच्या ऑर्डरी आणि कॅमेऱ्यांची चित्रे या एकाच पेटीतून ये-जा करतात. गावाच्या जकात नाक्यावर जो बसला त्याला कोणाची गाडी कोठे चालली हे दिसत असे आणि मनात आले तर तो गाडी वळवूही शकत असे. राउटर हा तसाच नाका होय. नाक्यावर आपला माणूस बसला आहे की परका, हे पाहणे आपलेच काम आहे.

प्रथम ही पेटी आतून कशी आहे ते समजून घ्यावे. राउटर हा एक छोटा संगणकच आहे आणि त्याच्या पोटात एक वेब पान असते. दुकानातील संगणकावर किंवा मोबाईलवर ब्राउझर उघडून, जेथे एरवी आपण संकेतस्थळाचे नाव लिहितो तेथे १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असा आकडा (इंग्रजी आकड्यांत) टाकला की ते पान उघडते. नेमका आकडा पेटीच्या बुडाशी चिकटविलेल्या कागदावर छापलेला असतो. हे आकडे आतल्या वापरासाठी राखून ठेवलेले आहेत. जसा प्रत्येक मार्केटमध्ये 'गाळा नं. १' असतोच, तसा हाच आकडा लाखो घरांत आणि दुकानांत असतो व त्यामुळे गोंधळ होत नाही. पान उघडले की ते नाव आणि पासवर्ड विचारते. दोन्ही बरोबर दिले की राउटरचा सगळा कारभार हाती येतो. वायफायचे नाव बदलणे, कोणाला आत घेणे, कोणाला अडविणे, बाहेरचा रस्ता कोणता धरावयाचा, सर्व काही.

येथे आमच्या बांधवांचा एक घोटाळा नेहमी होतो. राउटरचे पासवर्ड दोन असतात. एक वायफायचा, जो आपण गिऱ्हाइकाला, दलालाला, पाहुण्याला सांगतो. दुसरा या आतल्या पानाचा. "आम्ही पासवर्ड बदलला आहे" असे जो सांगतो त्याला विचारले तर दहापैकी नऊ वेळा त्याने वायफायचा बदललेला असतो. वायफायचा पासवर्ड म्हणजे गाळ्यात येऊन गादीवर बसण्याची इजाजत. आतल्या पानाचा पासवर्ड म्हणजे गल्ल्याची आणि खतावणीची किल्ली. ही दुसरी किल्ली पुष्कळ पेट्यांवर नाव 'अ‍ॅडमिन' आणि पासवर्डही 'अ‍ॅडमिन' अशीच कारखान्यातून येते, आणि ती जगजाहीर असते. कोणत्या कंपनीच्या कोणत्या मॉडेलची किल्ली काय, याच्या याद्या इंटरनेटवर फुकट मिळतात.

आता कोणी म्हणेल, आमच्या छोट्या दुकानाच्या पेटीत चोराला काय मिळणार? याचे उत्तर ब्राझीलमध्ये घडलेल्या प्रकारात आहे. २०११ साली तेथे चोरट्यांनी सुमारे ४५ लाख मोडेमच्या आतल्या पानात प्रवेश मिळविला आणि त्यांतील फक्त एक नोंद बदलली. ती नोंद कसली हे समजले पाहिजे. आपण बँकेचे नाव टाकतो तेव्हा राउटर एका पत्ते सांगणाऱ्या संगणकाला विचारतो की या बँकेचा आकडी पत्ता काय. त्या व्यवस्थेला डीएनएस म्हणतात. हमालाला आपण सांगतो, "दहा ताके अमुक पेढीवर टाकून ये." पत्ता त्याच्या वहीत असतो. ती वहीच कोणी बदलली तर हमाल इमानदारीने चालत जाईल आणि माल तशीच पाटी लावलेल्या दुसऱ्याच गाळ्यात उतरवील. ब्राझीलच्या लोकांचे हेच झाले. त्यांनी बँकेचे नाव बरोबर टाकले, परंतु पोहोचले ते बँकेसारख्या दिसणाऱ्या खोट्या पानांवर. त्यांच्या संगणकात काही बिघाड नव्हता. संगणकावर अँटिव्हायरस घातलेला असला तरी तो राउटरच्या आत पाहत नाही, हे ध्यानात ठेवावे.

दुसरा प्रकार २०१६ सालचा. 'मिराई' नावाच्या एका प्रोग्रामने जगभरातील राउटर, कॅमेरे आणि कॅमेऱ्यांचे चित्रण साठविणारे डीव्हीआर धुंडाळले. त्याच्यापाशी कोणतेही मोठे हत्यार नव्हते. कारखान्यातून येणाऱ्या नाव-पासवर्डांच्या साठेक जोड्या होत्या, बस्स. त्या एकामागून एक लावून पाहावयाच्या आणि जे दार उघडेल त्या पेटीला कामाला लावावयाचे. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी अशा पेट्यांच्या फौजेने डाइन या अमेरिकन कंपनीवर हल्ला केला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारखी मोठमोठी संकेतस्थळे कित्येक तास लोकांना उघडता येईनात. पुढे २०१७ मध्ये अमेरिकेतील तीन तरुणांनी हे यंत्र बनविल्याचा गुन्हा न्यायालयात कबूल केला. ज्यांच्या पेट्या या कामी वापरल्या गेल्या त्या दुकानदारांना बहुधा पत्ताही लागला नसेल. आपल्या गोदामातून दुसऱ्याच्या घरावर दगड मारले जावेत आणि आपण समोर बसून हिशेब लिहीत असावे, तसा हा प्रकार.

आपल्या देशातही झाले. २०१७ च्या जुलै महिन्यात बीएसएनएलच्या ब्रॉडबँड ग्राहकांचे हजारो मोडेम बंद पडले. ज्यांचा मूळ पासवर्ड कधी बदललाच नव्हता, तेच मोडेम या तडाख्यात सापडले, आणि कंपनीला ग्राहकांना पासवर्ड बदला असे आवाहन करावे लागले. ब्रिटनमध्ये तर २९ एप्रिल २०२४ पासून सर्व पेट्यांना एकच ठरावीक पासवर्ड घालून विकण्यास कायद्याने मनाई आहे. आपल्याकडच्या गाळ्यांत मात्र जुन्या पेट्या भरपूर आहेत, म्हणून कायद्याची वाट न पाहता हात चालवावा.

सूरह नूरमध्ये दुसऱ्याच्या घरात इजाजतीशिवाय जाऊ नये असा हुकूम आहे. हा हुकूम येणाऱ्यासाठी आहे, पण घरमालकाने दारच लावले नाही तर इजाजत मागावयाची कोठे? आणि गोष्ट एकट्या आपल्या मालाचीही नाही. आपल्या संगणकात मागवाल्यांची मजुरी, पार्ट्यांचे भाव, कारागिरांचे बँक खाते क्रमांक असतात. ही दुसऱ्यांची अमानत आहे.

आता कामाला लागू. आतल्या पानात शिरल्यावर पहिला बदल पासवर्डचा. हा पर्याय बहुधा 'सिस्टीम', 'अ‍ॅडमिनिस्ट्रेशन' किंवा 'मॅनेजमेंट' या नावाखाली असतो. पासवर्ड लांब असावा. चार-पाच असंबद्ध शब्द आणि मध्ये आकडे घातले की लक्षातही राहतो. दुकानाचे नाव, मोबाईल क्रमांक, मुलाचे नाव, ७८६ हे सर्व टाळावे. बाजारात ७८६ घालून केलेले पासवर्ड इतके आहेत की चोराने पहिल्या पाच प्रयत्नांत ते लावून पाहिले तर नवल नाही. पेटी नाव बदलू देत असेल तर 'अ‍ॅडमिन' हे नावही बदलावे. वायफायचा पासवर्ड आणि हा पासवर्ड कदापि एक ठेवू नये. नवा पासवर्ड कागदावर लिहून तिजोरीत ठेवण्यास आमची हरकत नाही. पेटीवरच चिकटवून ठेवण्यास आहे.

परंतु पासवर्ड चांगला ठेवला की काम संपले असे समजू नये. दार कोणत्या बाजूला उघडते हा त्याहून मोठा प्रश्न आहे. पुष्कळ राउटरमध्ये 'रिमोट मॅनेजमेंट' किंवा 'वॅनकडून प्रवेश' असा एक पर्याय असतो. तो चालू असेल तर आतले पान फक्त दुकानातूनच नव्हे, तर जगाच्या पाठीवर कोठूनही उघडता येते. गाळ्याच्या आत असलेली तिजोरी भर रस्त्यावर आणून ठेवावी आणि "कुलूप मजबूत आहे" म्हणून निर्धास्त बसावे, तसे हे झाले. कुलूप मजबूत असेलही, पण कुलूप बनविणाऱ्यानेच चूक केलेली असेल तर? १६ ऑक्टोबर २०२३ रोजी सिस्को या नामांकित कंपनीने जाहीर केले की तिच्या मोठ्या राउटर-स्विचच्या वेब पानात एक दोष आहे. त्या दोषामुळे पासवर्ड न देताही परका माणूस आत जाऊन स्वतःच्या नावाचे पूर्ण अधिकाराचे खाते उघडू शकत होता. काही दिवसांतच जगभरातील हजारो उपकरणांत असा शिरकाव झाल्याचे आढळले. ही उपकरणे मोठ्या कंपन्यांची होती, सांभाळणारे पगारी इंजिनियर होते, पासवर्डही काही कच्चे नसतील. ज्यांचे वेब पान बाहेरच्या रस्त्यावर उघडे होते ते सापडले. ज्यांचे फक्त आतून उघडत होते त्यांना बाहेरच्या चोराची झळ लागली नाही. दुरुस्ती येण्यापूर्वी कंपनीने पहिली सूचना दिली ती हीच, की बाहेरच्या बाजूचे वेब पान बंद करा.

तेव्हा 'रिमोट मॅनेजमेंट' बंद करावे. ते खरोखर बंद झाले की नाही हे पाहण्याची रीत सोपी आहे. राउटरच्या 'स्टेटस' पानावर बाहेरच्या बाजूचा आकडी पत्ता दिलेला असतो, तो लिहून घ्यावा. मग मोबाईलचे वायफाय बंद करून, सिमच्या डेटावरून तो पत्ता ब्राउझरमध्ये टाकावा. राउटरचे पासवर्ड मागणारे पान समोर आले तर दार रस्त्यावर उघडे आहे. काहीच उघडले नाही तर ठीक. पत्ता १० ने किंवा १०० ने सुरू होणारा दिसला तर ही परीक्षा उपयोगाची नाही. पुष्कळ केबलवाले अनेक ग्राहकांना एकाच मोठ्या दरवाजामागे बसवितात आणि आतून असे पत्ते देतात. तेथे जगाला आपले दार दिसत नसले तरी त्याच केबलवरच्या शेजाऱ्याला दिसू शकते. म्हणून पर्याय बंदच असावा.

घरून दुकानाचा राउटर सांभाळण्याची गरज कोणाला खरोखर असेल, उदाहरणार्थ दोन गावांत कारखाने असतील, तर त्याने व्हीपीएन बसवून घ्यावे. म्हणजे आधी एका बंद बोगद्यातून दुकानात यावयाचे आणि मग आतून पान उघडावयाचे. आम्हा सामान्य दुकानदारांना त्याची गरज क्वचितच पडते.

आतल्या बाजूचीही थोडी खबरदारी हवी. गिऱ्हाइकांसाठी 'गेस्ट' वायफाय वेगळे चालू करावे आणि हिशेबाचा संगणक दुसऱ्या वायफायवर किंवा तारेवर ठेवावा. गेस्ट वायफायवर जाऊन १९२.१६८.१.१ टाकून पाहावे. पान उघडता कामा नये. काही राउटर तर अमुक एकाच संगणकावरून पान उघडू द्यावे अशी सोय देतात. ती असेल तर वापरावी.

पानाच्या पत्त्याच्या सुरुवातीला एचटीटीपी असते किंवा एचटीटीपीएस असते. पहिले म्हणजे पोस्टकार्ड, वाटेत कोणीही वाचावे. दुसरे म्हणजे लाखेने बंद केलेले पाकीट. राउटरमध्ये एचटीटीपीएसचा पर्याय असेल तर तो चालू करून पहिला बंद करावा. असे केल्यावर ब्राउझर लाल अक्षरांत इशारा देतो आणि लोक घाबरतात. कारण असे की बँकेच्या संकेतस्थळाची ओळख एक मान्यताप्राप्त संस्था लिहून देते, आणि आपल्या पेटीने मात्र आपला दाखला आपणच लिहिलेला असतो. आपण स्वतः दुकानात बसून, स्वतःच्या हाताने आतला आकडा टाकला असेल तर हा इशारा ओलांडून पुढे जाण्यास हरकत नाही. तोच इशारा बँकेच्या किंवा जीएसटीच्या पानावर दिसला तर तेथून तात्काळ मागे फिरावे. वर सांगितलेल्या बदललेल्या वहीचे ते लक्षण असू शकते.

काम झाल्यावर 'लॉग आउट' करून पान बंद करावे. हे क्षुल्लक वाटते, पण आतले पान उघडे ठेवून त्याच ब्राउझरमध्ये आपण एखादे भलतेच संकेतस्थळ उघडले, तर ते संकेतस्थळ आपल्या नकळत आपल्याच ब्राउझरकरवी राउटरला हुकूम देऊ शकते. राउटरला वाटते मालकच बोलतो आहे. उपाय एवढाच की आत जावे, काम करावे, कुलूप लावून बाहेर यावे.

आता केबलवाल्याने दिलेल्या पेटीचा प्रश्न. आमच्या बाजारात कनेक्शन जोडणारा पोरगा एका दिवसात आठ-दहा गाळे करतो आणि सगळीकडे एकच पासवर्ड घालतो, म्हणजे पुढच्या खेपेला त्याला सोपे पडते. त्याच्या नियतीवर आम्ही शंका घेत नाही. पण तो नोकरी सोडून गेल्यावर त्या पासवर्डाचे काय? फायबरच्या अनेक पेट्यांत ग्राहकाला अर्धाच अधिकार असतो आणि मोठी किल्ली कंपनीकडे राहते. देखभालीसाठी कंपनीचा स्वतंत्र मार्गही असतो. २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये जर्मनीत डॉइचे टेलिकॉमच्या सुमारे ९ लाख ग्राहकांचे इंटरनेट कोलमडले, ते अशाच देखभालीच्या मार्गावर झालेल्या हल्ल्यामुळे. त्या मार्गाचे कुलूप कंपनीच्याच हाती असते, पण विचारण्याचा हक्क आपला आहे. 'आमच्या पेटीचा अ‍ॅडमिन पासवर्ड वेगळा करून द्या आणि बाहेरून उघडणारे वेब पान बंद करा' असे केबलवाल्याला लेखी, निदान व्हॉट्सॲपवर तरी, कळवावे. तो टाळाटाळ करील तर त्याच्या पेटीच्या पुढे आपला स्वतःचा राउटर जोडून दुकानाची सर्व यंत्रे त्यावर घ्यावी. एक-दीड ताक्याच्या पैशात हे काम होते.

कॅमेऱ्याच्या डीव्हीआरलाही असेच वेब पान असते आणि त्याची दशा राउटरहून वाईट असते. घरी बसून गोदाम दिसावे म्हणून बसविणारा कारागीर राउटरमध्ये 'पोर्ट फॉरवर्डिंग' करतो, म्हणजे डीव्हीआरचे दार सरळ रस्त्यावर काढतो. कॅमेरा चोर पाहण्यासाठी बसविला आणि चोरच त्यातून आपले गोदाम पाहतो, ही काही कल्पना नव्हे. मिराईच्या फौजेत डीव्हीआर आणि कॅमेरे ढिगाने होते. फॉरवर्डिंगची यादी उघडून पाहावी, जी नोंद कशासाठी आहे हे कोणी सांगू शकत नाही ती काढावी. 'यूपीएनपी' नावाचा पर्यायही बंद करावा, कारण त्याच्या आधारे आतील यंत्रे आपल्याला न विचारता अशी दारे पाडतात. डीव्हीआरचा पासवर्ड बदलावा हे वेगळे सांगावयास नको.

पेटीचे वय पाहणेही आवश्यक आहे. कंपन्या काही वर्षे 'फर्मवेअर' म्हणजे पेटीच्या आतील प्रोग्रामची दुरुस्ती देतात आणि मग त्या मॉडेलला वाऱ्यावर सोडतात. मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने अशाच सोडून दिलेल्या जुन्या राउटरांबद्दल इशारा दिला. चोरटे त्यांत शिरून आपली ओळख लपविण्यासाठी त्यांचा रस्ता म्हणून वापर करीत होते. दर तीन महिन्यांनी, जसे आपण शटरला तेल देतो तसे, फर्मवेअरची नवी आवृत्ती आली का ते पाहावे. येणेच बंद झाले असेल तर पेटी बदलावी. जुनी पेटी भंगारात देण्यापूर्वी तिच्यातील सर्व नोंदी पुसाव्या.

हे पुसणे 'रिसेट'च्या बारीक भोकात टाचणी घालून दहा-पंधरा सेकंद दाबून धरल्याने होते. पण चालू पेटीवर घाईने हे करू नये. केबलवाल्याने दिलेले जोडणीचे नाव-पासवर्डही त्यात पुसले जाते आणि ऐन रिटर्नच्या तारखेला दुकान इंटरनेटविना बसते. ते आधी लिहून घ्यावे.

आणि पेटीत परका शिरला आहे असा संशयच आला तर? बँकेचे पान वेगळे दिसते, डीएनएसच्या जागी अनोळखी आकडे आहेत, किंवा आपला पासवर्ड अचानक चालत नाही. अशा वेळी प्रथम केबलची तार काढावी. बँकेचे काम मोबाईलच्या सिमवरून करावे आणि बँकेचा पासवर्डही तेथूनच बदलावा. मग पेटी रिसेट करून, नवे फर्मवेअर घालून, नवा पासवर्ड दिल्याखेरीज तार परत जोडू नये. नुसती बंद करून चालू केल्याने भागत नाही, कारण बदललेली नोंद पेटीत तशीच राहते. पैसे गेले असतील तर त्याच घटकेला १९३० या सरकारी क्रमांकावर फोन करावा आणि बँकेलाही कळवावे. रक्कम पुढच्या खात्यातून निघून जाण्यापूर्वी तक्रार पोहोचली तर ती गोठविता येते, म्हणून हिशेबनीस येईपर्यंत थांबू नये.